गप्पीची स्वतःची लाइन कशी बनवायची (अरोवानाची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी हे वाचा)

अरोवाना (तो लांबट, मोठ्या खवल्यांचा महागडा मासा) ब्रीड करायचाय, लाल आणि सोनेरी क्रॉस करून बघायचंय, असं टँक घेतल्यापासून सहा महिन्यांत प्रत्येकाच्या डोक्यात येतंच. येऊ दे, काही वाईट नाही. पण एशियन अरोवाना तीन-चार वर्षांचा झाल्याशिवाय अंडी देत नाही, जोडी तो स्वतःच्या मर्जीने जमवतो, आपण नर-मादी एकत्र सोडून जमत नाही (मुळात नर कुठला आणि मादी कुठली हेच बाहेरून नीट कळत नाही), नर अंडी आणि नंतर पिल्लं तोंडात धरून महिना-दोन महिने फिरतो, आणि एवढं सगळं होऊन हातात येतात काही डझन पिल्लं. हे चालतं मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूरच्या फार्मवर, मातीच्या तळ्यांत, आपल्या हॉलमधल्या सहा फुटी टँकमध्ये नाही. वरून 1975 पासून हा मासा साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे फार्मवरच्या प्रत्येक माशाच्या अंगात चिप आणि सोबत कागदपत्रं. चार वर्षांची एक पिढी धरली तर पाच पिढ्या निवड करायला वीस वर्षं गेली.

तीच निवड, तेच क्रॉसिंग, तेच गणित गप्पीमध्ये वर्षाला दोन पिढ्या, घाई केली तर तीन, अशा वेगाने शिकता येतं आणि टँकला खर्चही फार नाही. (लाइन म्हणजे पिढ्यानपिढ्या निवडून एकसारखं केलेलं घराणं.) आणि गप्पी म्हणजे महापालिकावाले डासांच्या अळ्या खायला टाकीत सोडतात तोच मासा, त्यामुळे घरातल्या लोकांनाही समजावून सांगायला सोपं जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्या नजरेने वाचाल. क्रॉस करणं अजिबात अवघड नाही, नर आणि मादी एकत्र ठेवले की झालं. अवघड आहे ते कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं हे ठरवणं, आणि तुम्ही नाही ठरवलंत तर टँक ठरवतो. टँकला तुमच्या शेपटीच्या त्रिकोणाशी काही देणंघेणं नाही, जो नर लवकर वयात येतो, बारीक आहे, चपळ आहे, छोट्या शेपटीमुळे पटापट पळतो तोच जास्त माद्यांपर्यंत पोचतो. म्हणून सगळे एकत्र सोडलेल्या टँकमध्ये दोन वर्षांत सगळे बारके आणि मळकट रंगाचे होतात, आणि लोक म्हणतात दुकानदाराने फसवलं.

मासे कुठून आणि कसे घ्यायचे

दुकानात नर एका टँकमधून आणि मादी दुसऱ्या टँकमधून काढून "पेअर" म्हणून देतात. ती पेअर नव्हे. मादीच्या पोटात आधीच कुणाचीतरी पिल्लं असतात आणि गप्पीची मादी एकदा नराशी मेटिंग झालं की त्याचं स्पर्म अंगात साठवून ठेवते, पुढचे कित्येक महिने नर नसतानाही पिल्लं देत राहते. म्हणजे तुम्ही घरी आणून हजार रुपयांचा नर तिच्यासोबत सोडलात तरी पिल्लं कुणाची हे सांगता येणार नाही, एकाच खेपेत दोन-तीन बापांची पण असू शकतात.

त्यामुळे एक तर ब्रीडरकडून एकाच स्ट्रेनचा (ठरलेल्या रंग-शेपटीच्या प्रकाराचा) ट्रायो घ्या, एक नर दोन माद्या, तिन्ही त्याच्याच लाइनमधले, किंवा त्याहून बरं म्हणजे त्याच्याकडून महिनाभराची दहा-बारा पिल्लं घ्या आणि स्वतः वाढवा. स्वस्त पडतं, आणि सगळी एका घरची असल्यामुळे पुढचं गणित सरळ राहतं. कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटला हिंडून एक इथून एक तिथून असं गोळा करणं हौस म्हणून ठीक आहे, लाइन बनवायला नाही. अजून एक, अगदी बारक्या वयाचे नर भडक रंगात असतील आणि सोबतच्या माद्यांच्या अंगावरही नरासारखे रंग दिसत असतील तर घेऊ नका, रंग चढवायला हार्मोन दिलेले असू शकतात आणि असे मासे बऱ्याचदा पुढे पिल्लं देत नाहीत.

नवीन मासे आणले की तीन आठवडे वेगळे. तीन आठवड्यांनंतर पण डायरेक्ट मिसळू नका, तुमच्याकडचे काढून टाकायचे एक-दोन नर आधी त्यांच्यात सोडून आठवडाभर बघा. गप्पीचं असं आहे की दोन्हीकडचे मासे आपापल्या टँकमध्ये ठणठणीत असतात आणि एकत्र केले की चार दिवसांत शेपट्या मिटवून खाली बसतात. मरायचेच असतील तर ते एक-दोन मरू देत, अख्खी लाइन नको.

टँक आणि पाणी, थोडक्यात

मोठा एक टँक असण्यापेक्षा तीस-चाळीस लिटरचे पाच-सहा छोटे टँक पाहिजेत. एक ब्रीडिंगचा, एक मादी पिल्लं द्यायला, एक पिल्लांचा, एक नरांचा, एक माद्यांचा, एक नव्या माशांचा. प्रत्येकात स्पंज फिल्टर, एका एअर पंपावर सगळे चालतात. फॅन्सी कॅबिनेट वगैरे काही नको, लोखंडी रॅक बेस्ट.

पाणी मात्र बघा. गप्पीला जड पाणी आवडतं, पीएच सात ते आठच्या मध्ये. मुंबईचं नळाचं पाणी तलावांचं, मऊ, त्यात गप्पी जगतात पण शेपट्या चिकटतात, अंग धरत नाहीत. फिल्टरमध्ये कोरलचा चुरा किंवा स्वच्छ उकळून घेतलेले शिंपले टाकले की काम होतं. बोअरवेलचं पाणी असेल तर बहुतेक ठिकाणी काहीच करायला नको. नळाच्या पाण्याचं क्लोरीन काढून मगच टाका. टेंपरेचर 24 ते 28, नाशिक-पुण्याकडे थंडीत हीटर लागतोच. तीसच्या वर ठेवलं तर पिल्लं भराभर वाढतात हे खरं पण मासे लवकर म्हातारे होतात, मी तरी 26 वर ठेवतो.

मादी आधी वेगळी, बाकी सगळं नंतर

या सगळ्या कामात एकच स्टेप अशी आहे की ती चुकली तर पुढचं सगळं वाया, ती म्हणजे पिल्लांमधून नर-मादी वेळेत वेगळे करणं. चौथ्या आठवड्याच्या आत. थांबा बघू अजून जरा मोठी होऊ दे, असं म्हणायचं नाही.

ओळखायचं कसं तर पिल्लू उथळ पांढऱ्या ट्रेमध्ये किंवा काचेच्या छोट्या बॉक्समध्ये घ्या, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पोटाखालचा मागचा पर बघा, गुदद्वाराजवळचा. मादीचा तो पर पंख्यासारखा त्रिकोणी राहतो आणि त्याच्या जरा वर पोटात एक काळसर डाग दिसायला लागतो, दोन-तीन आठवड्यांतच. नराचा तोच पर हळूहळू लांबट, टोकदार व्हायला लागतो, पुढे त्याची काडी होते, तिनेच नर मेटिंग करतो. काडी पूर्ण झाली म्हणजे उशीर झाला. शंका असेल ते पिल्लू नरांच्या टँकमध्ये टाका, माद्यांच्या नाही. नरांमध्ये एक मादी चुकून गेली तर एक मादी वाया जाईल, माद्यांमध्ये एक नर गेला तर सगळ्या जातील.

अल्बिनोमध्ये (काळा रंग नसलेले, लाल डोळ्यांचे मासे) तो काळा डाग दिसत नाही, गुलाबी-केशरी दिसतो, आणि त्यामुळे अल्बिनो वेगळे करताना लोक हमखास गोंधळतात, तिथे डागाऐवजी परावरच लक्ष ठेवा.

कोणाला ठेवायचं

आता मुख्य भाग. साधारण दोन-अडीच महिन्यांचे झाले की नरांना रंग यायला लागतो आणि ज्याला पहिल्यांदा रंग येतो तो आपल्याला आवडतो, सगळे त्यालाच उचलतात. उचलू नका! गप्पीचा नर वयात आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. जो सगळ्यात आधी रंगला तो सगळ्यात आधी थांबला, म्हणजे तो बारकाच राहणार, आणि त्याची पोरं पण तशीच. तीन-चार पिढ्या असं "सगळ्यात आधी रंगलेला" निवडत गेलात की लाइन निम्म्या साइजची होते आणि मग लोक खाण्याला दोष देतात. चार महिन्यांचे होईपर्यंत थांबा. जे उशिरा रंगले, अंगाने दणकट आहेत, त्यांच्यातून निवडा.

नरात काय बघायचं? शेपटी तर सगळेच बघतात, पण शेपटी जिथे अंगाला जोडलेली असते तो देठ बघा, तो जाड पाहिजे. बारीक देठावर मोठी शेपटी असली की मासा सहा महिन्यांनी मागून लटकायला लागतो, तिरका पोहतो, पाठीत बाक येतो. पाठीवरचा पर शेपटीच्या रंगाशी मॅच पाहिजे. रंग एकसारखा, कडा फाटलेली नाही. आणि पोहतो कसा ते बघा, खायला टाकलं की पहिला येतो की मागे राहतो. पाठ वाकडी, तोंड वाकडं, पोट आत गेलेलं असले मासे रंगाने कितीही भारी असले तरी बाद. वाकडी पाठ कधी वंशातली असते, कधी माशांच्या टीबीची, आपल्याला बाहेरून कळत नाही, दोन्हीमध्ये तो मासा लाइनमध्ये नकोच. (टीबीचा संशय असलेल्या टँकमध्ये हाताला जखम असताना हात घालू नका, तो माणसाच्या कातडीला होतो.)

मादीत खरी पंचाईत असते. मादीच्या अंगावर रंग नसतो म्हणून लोक मादीकडे बघतच नाहीत, कुठलीही मोठी मादी चालते असं धरतात. पण निम्मा वंश तिचाच, आणि काही रंग तर फक्त तिच्याकडूनच येतात. तिची निवड तिच्या भावांवरून करायची. म्हणजे काय, तर प्रत्येक मादीची खेप वेगळी वाढवायची, कुठल्या खेपेचे नर सगळ्यात जास्त एकसारखे आणि चांगले निघाले ते बघायचं आणि त्या खेपेच्या बहिणी ठेवायच्या. एका खेपेत वीस नर आहेत, त्यातला एक जबरदस्त आणि एकोणीस सो-सो, आणि दुसऱ्या खेपेत वीसपैकी पंधरा चांगले पण एकही जबरदस्त नाही, तर मी दुसऱ्या खेपेच्या बहिणी घेतो. डोळे बंद करून. एकटा जबरदस्त नर हा बहुतेकदा योगायोग असतो, पंधरा चांगले म्हणजे ती गोष्ट रक्तात बसलेली आहे. भावांवरून खेप ठरली की त्या बहिणींमधून अंगाने मोठी, जाड देठाची, शेपटीला जरा रंगाची छटा असलेली घ्यायची.

ज्यांनी रिबन किंवा स्वॅलो (लांब वाढणाऱ्या परांचे) गप्पी घेतलेत त्यांच्यासाठी वेगळं सांगायला लागेल. या नरांची ती काडीसुद्धा लांब वाढते, त्यामुळे त्यांना मेटिंग जमत नाही. तिथे रिबन मादी आणि तिचाच साध्या परांचा भाऊ अशी जोडी लावतात.

नात्यातल्या नात्यात किती दिवस

लाइन पक्की करायची म्हणजे नात्यात ब्रीडिंग करावंच लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आकडे माहिती पाहिजेत. सख्ख्या भाऊ-बहिणीची जोडी लावली तर पिल्लांमध्ये इनब्रीडिंग (आई-बाप दोघांकडून एकाच पूर्वजाचा तोच जीन येण्याची शक्यता) 25 टक्के. त्यांच्यात पुन्हा भाऊ-बहीण, 37.5. पुन्हा, 50. चौथ्या वेळेला 59 च्या वर. बाप आणि मुलगी लावलेत तरी पहिल्या फटक्यात 25च. सावत्र भाऊ-बहीण असेल तर 12.5. टक्के वाढले की रंग पक्का होतो हे खरं, पण त्याच वेळी पिल्लांची संख्या कमी होते, मेलेली पिल्लं जन्मतात, साइज जाते, पटकन आजारी पडतात.

यावर साधा उपाय म्हणजे सुरुवातीलाच एका ट्रायोच्या दोन माद्यांपासून दोन शाखा करायच्या, क आणि ख म्हणा. दोन्ही वेगवेगळ्या रॅकवर वाढवायच्या, शाखेतल्या शाखेत जोड्या लावायच्या, आणि तीन-चार पिढ्यांनी क चा नर ख च्या मादीला द्यायचा. दोन्ही शाखा एकाच घराण्यातल्या असल्यामुळे रंग बिघडत नाही आणि जोम परत येतो. ज्यांच्याकडे एकच शाखा असते ते चौथ्या पिढीला बाहेरचं रक्त शोधत फिरतात आणि तिथून सगळी खिचडी सुरू होते. दोन शाखांचा अजून एक फायदा म्हणजे एका टँकचा हीटर अडकला, सगळे गेले, तरी लाइन राहते.

टँकवर मास्किंग टेप लावून मार्करने लिहा: शाखा, पिढी, जन्मतारीख, आईचा नंबर. वहीत तेच, सोबत किती पिल्लं झाली, किती जगली, किती काढली. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतो म्हणणाऱ्यांचे फोटो नंतर लग्नाच्या फोटोंत हरवतात, वही ठेवा.

रंग कुठून येतो ते शोधायची टेस्ट

क्रॉस करायच्या आधी तुमच्या स्ट्रेनचा मुख्य रंग किंवा पॅटर्न बापाकडून येतो की आईकडून, हे माहीत असायला हवं. गप्पीमध्ये आपल्यासारखंच आहे, नराकडे एक्स आणि वाय गुणसूत्रं, मादीकडे दोन एक्स. डेन्मार्कचे जीवशास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी 1920 मध्ये दाखवलं की गप्पीच्या नरावरचा एक डाग बापाकडून फक्त मुलांकडे जातो, मुलींकडे नाही, आणि त्यानंतर तिथलेच शास्त्रज्ञ विंगे यांनी वाय आणि एक्स दोन्हींवरचे रंग वेगळे काढले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जे काम झालं ते तुम्हाला दोन टँकमध्ये परत करून बघता येतं.

साधी रानटी, फुकटातली गप्पी घ्या, त्यांची पिल्लं वाढवून व्हर्जिन (नराशी अजून मेटिंग न झालेल्या) माद्या काढा. पहिला क्रॉस, तुमच्या स्ट्रेनचा नर आणि रानटी मादी. दुसरा क्रॉस उलटा, तुमच्या स्ट्रेनची व्हर्जिन मादी आणि रानटी नर. दोन्हीकडचे फक्त नर बघा. पॅटर्न पहिल्या क्रॉसच्या नरांमध्ये आला आणि दुसऱ्यात नाही, तर तो वायवर आहे, बापाकडून मुलाला. फक्त दुसऱ्यात आला तर एक्सवर, आईकडून. दोन्हीत आला तर तो डॉमिनंट (एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा) आहे किंवा एक्स-वाय दोन्हीवर बसलाय. दोन्हीत नाही आला तर रिसेसिव्ह, दडलेला, पुढच्या पिढीत दिसेल.

याचा उपयोग काय? मॉस्को ही स्ट्रेन घ्या, तिचा रंग वायवरचा. मॉस्को नराला बाहेरची मादी दिली तरी मुलगे मॉस्कोपणा घेऊनच येणार, त्यामुळे तिथे बाहेरचं रक्त मादीकडून आणायचं, आणि नरांचे एक-दोन भाऊ कायम राखीव ठेवायचे कारण नर संपले की लाइन संपली. उलट पॅटर्न एक्सवर असेल तर बाहेरून महागाचा नर आणून काही फायदा नाही, त्याच्या मुलांमध्ये तो पॅटर्न येणारच नाही, मुलींमधून नातवात येईल, तोपर्यंत तुम्ही वैतागून ती खेप काढून टाकलेली असेल. "नर एवढा भारी आणला पण पोरं सगळी साधी" ही तक्रार ऐकली की नव्वद टक्के वेळा हेच निघतं.

क्रॉस: एक उदाहरण पूर्ण बघू

अल्बिनो फुल रेड (अंगभर लाल) सगळ्यांकडे आहे आणि सगळ्यांचीच लाइन पाच-सहा पिढ्यांत कमजोर होते, कारण तो आधीच बराच नात्यातला मासा आहे. दुरुस्ती अशी करायची.

अल्बिनो फुल रेड नर घ्या आणि काळ्या डोळ्यांच्या, साध्या अंगाच्या फुल रेड स्ट्रेनची व्हर्जिन मादी घ्या. लालच, हे महत्त्वाचं. निळी नाही, कोब्रा (नागासारख्या नक्षीची) नाही. रंग तोच ठेवायचा आणि फक्त रक्त बदलायचं. अल्बिनो रिसेसिव्ह असल्यामुळे पहिल्या पिढीत सगळी पिल्लं काळ्या डोळ्यांची निघतील. इथे निम्मे लोक निराश होऊन ती पिल्लं वाटून टाकतात. थांबा, प्रत्येकाच्या अंगात अल्बिनो दडलेला आहे, आणि ही पिढी बघा कशी धष्टपुष्ट असते, खातात काय, वाढतात काय.

इथून दोन रस्ते आहेत. एक, याच पिढीचे भाऊ-बहीण लावा. चारात एक पिल्लू अल्बिनो. साठ पिल्लं झाली तर पंधराच्या आसपास, त्यातले सात-आठ नर, त्यातून ठेवण्यासारखे एक-दोन. म्हणजे दोन-तीन माद्यांच्या खेपा लागतील, जागा तयार ठेवा. यातल्या अल्बिनोंमध्ये सरासरी निम्मं रक्त नवीन असतं. दुसरा रस्ता, पहिल्या पिढीची मुलगी परत जुन्या अल्बिनो नराला द्या. दोनात एक अल्बिनो, काम पटकन होतं, पण नवीन रक्त पावच उरतं. लाइन फारच ढासळली असेल तर पहिला, नुसती जरा सुस्त झाली असेल तर दुसरा. घाई म्हणून दुसरा निवडू नका.

अल्बिनो पिल्लं जन्मल्या दिवशीच ओळखता येतात, ट्रेमध्ये घेऊन बाजूने टॉर्च मारला की काळ्या ठिपक्यांसारख्या डोळ्यांमध्ये काहींचे डोळे लालसर चमकतात. त्यांना त्याच दिवशी वेगळं करा. अल्बिनोला कमी दिसतं, काळ्या डोळ्यांची भावंडं खाणं आधी संपवतात, आणि महिनाभर एकत्र ठेवलेत तर अल्बिनो निम्म्याच साइजचे राहतात, मग तुम्ही म्हणाल क्रॉसचा उपयोगच झाला नाही. लाइट पण मंद ठेवा त्यांच्या टँकवर.

आणि लाल-निळा, कोब्रा-मॉस्को असे नवीन रंग काढायचे क्रॉस? करा, मजा येते, पण वेगळ्या टँकमध्ये आणि तुमच्या मुख्य लाइनला हात न लावता. पहिली पिढी बहुतेक छान आणि एकसारखी दिसते, फोटो काढावेसे वाटतात, लोक विकत पण मागतात. दुसऱ्या पिढीत सगळं फुटतं, वीस नर वीस तऱ्हेचे. त्यातून एक तऱ्हा निवडून ती परत स्थिर करायला पाच-सहा पिढ्या, म्हणजे अडीच-तीन वर्षं धरून चाला. एका वेळी एकच गुण पकडा. रंग पण, शेपटी पण, मोठे कान (बाजूचे पर) पण असं एकदम मागितलं की काहीच मिळत नाही, कारण तिन्ही गुण एकत्र असलेलं पिल्लू मिळायला जेवढी पिल्लं लागतात तेवढे टँक कुणाच्याच घरात नसतात.

खाणं

निवड करायची असेल तर सगळ्यांना पोटभर सारखं खायला मिळालं पाहिजे, नाहीतर वंशाने मोठा कोण आणि नुसता खाऊन मोठा झालेला कोण हे कळतच नाही. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, त्यातलं निदान एकदा जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव, अंड्यांतून घरी काढतात). बाटली उलटी करून बुड कापा, एक लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम खडे मीठ आणि आर्टेमियाची अंडी, खाली एअरची नळी, 28 च्या आसपास टेंपरेचर, वर लाइट, चोवीस तासांत निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर तरंगतात, केशरी आर्टेमिया खाली गोळा होतात, ते नळीने ओढून बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्या. उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नका, स्वस्त आहे पण पाणी एका दिवसात नासतं. पिल्लांच्या टँकचं पाणी आठवड्यातून दोनदा पाव-पाव बदला.

मादीचं पोट चौकोनी दिसायला लागलं की तिला वेगळ्या टँकमध्ये हलवा, भरपूर जावा मॉस (पाण्यातली शेवाळासारखी वनस्पती) टाकून, म्हणजे ती स्वतःची पिल्लं खाणार नाही. एकदम शेवटच्या दिवशी हलवू नका, दचकून अर्धवट पिल्लं टाकते. साधारण चार आठवड्यांनी एक खेप. पहिल्या खेपेत दहा-बाराच होतात, घाबरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेवरून मादीची किंमत करा.

काढलेल्यांचं काय करायचं

निवड म्हणजे काढणं आलंच, आणि शंभरातले नव्वद काढायचेच आहेत. दणकट पण रंगाने चुकलेले मासे ओळखीच्या पोरांना टँक सुरू करायला द्या, बिल्डिंगच्या बंद टाकीत, बागेतल्या हौदात डासांसाठी द्या, वॉर्डच्या मलेरिया विभागाला विचारा, घेतात बऱ्याचदा. पण ओढ्यात, नदीत, तळ्यात सोडायचे नाहीत, कितीही दया आली तरी. हा मासा मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला बाजूचा, आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत बारके देशी मासे आहेत, ते पण डासांच्या अळ्या खातात आणि त्यांच्या जागेत हा घुसतो. आणि एकदा घुसला की काढता येत नाही, कारण एकटी मादीसुद्धा सगळं गाव वसवते, वर सांगितलंच.

तसं बघायला गेलं तर ओढ्यात पण निवड चालूच असते. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने 1976 मध्ये त्रिनिदादमध्ये मोठा शिकारी मासा असलेल्या जागेतल्या गप्पी उचलून जिथे तो नाही अशा ओढ्यात सोडल्या, दोनेक वर्षांनी बघितलं तर नरांवरचे ठिपके वाढलेले, रंग चढलेला, कारण आता भडक दिसलं तरी खायला कुणी नव्हतं आणि माद्यांना भडकच आवडतात.

आणि लाइन चांगली जमली, कोणी ट्रायो मागायला आलं, तर वहीतलं पान पण द्या. कुठल्या शाखेचे, कितवी पिढी, बाहेरचं रक्त कधी आणि कशातून आणलं, काळ्या डोळ्यांच्या पिल्लांत अल्बिनो दडलेत का. पैसे घेणार असाल तर हे सांगणं आलंच. आणि शक्यतो क शाखेचा नर आणि ख शाखेच्या माद्या द्या, म्हणजे त्याला सुरुवातीच्या दोन-तीन पिढ्या तरी इकडेतिकडे शोधत फिरावं लागणार नाही, आणि उद्या तुमचा रॅक बसला तर तुमचेच मासे परत मागायला एक घर राहील.